कंसातलं मोठ्यानं वाचू नका

मंगळवार, १९ फेब्रुवारी २००८
पहाटे, चुलीपाशी

ती. गुणाआत्यांच्या पायांवर उर्वशीचं डोकं. गुडघ्याला तेल लावून बसला असाल तर उठू नका, मी इथूनच वाकते.

राजाला मुलगा असता, तर त्यानं आपल्या मुलींना काही दिलं असतं का? आत्या, हा प्रश्न मला दोन महिन्यांत निदान तीस माणसांनी विचारला आणि मला त्याचं उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. मी इंग्रजी घेऊन बीए झाले, घरातली पहिली पदवी म्हणून बाबांनी ती काच लावून देवाच्या फोटोंशेजारी टांगली, तरी येत नाही. पुस्तकाच्या मागे बारीक अक्षरात चाळीस पानं टिपा होत्या. त्यात राजाच्या दाढीवर एक टीप आहे, वादळावर सात आहेत, पण मुलगा का नव्हता यावर एकही नाही. तुमच्याजवळ उत्तर असेल असं मला उगाच वाटतं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

पण आधी तुमची खुशाली कळवा. गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? गोंडपिपरीला यंदा कापूस बरा झाला असं ऐकलं. आमच्याकडे सगळे ठीक. धान कोठीत गेलं, लाखोळीचं पीक उपटायला आलं, आईचा खोकला उन्हं वाढल्यापासून कमी आहे. तुमच्या सूनबाईंना, सोमारीवहिनींना, वेगळा नमस्कार, कारण हे पत्र तुम्हाला त्याच वाचून दाखवणार. (सोमारीवहिनी, एक विनंती. असं कंसात जे येईल ते मोठ्यानं वाचायचं नाही, मनातल्या मनात वाचायचं. तुम्ही मध्येच थांबलात म्हणून आत्या विचारतील, तर अक्षर लागत नाही म्हणून सांगा. कारण शेवटी कळेल. आणि कृपा करून हसू नका.)

तर नाटक. आमच्या बीएच्या शेवटच्या वर्षाला चारशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी शोकांतिका होती. लिहिणाऱ्याचं नाव आमच्या गावात कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून आम्ही ते फलकावर लिहिलंच नाही. गोष्ट मात्र आपल्याकडचीच वाटावी अशी आहे. एक म्हातारा राजा तीन मुलींत राज्य वाटायला बसतो. म्हणतो, माझ्यावर किती माया आहे ते सांगा, त्या मापानं हिस्सा देतो. मोठ्या दोघी गोड गोड बोलून राज्य घेतात. धाकटी गप्प राहते. राजा चिडून तिला हाकलतो, मग मोठ्या दोघी राजाला हाकलतात, मग वादळ होतं, राजाला वेड लागतं आणि शेवटी सगळे मरतात. मी वर्गात हे वाचताना रडले होते. मला वाटलं, आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, माणसं बैलबंडी जुंपून रात्रभर बघायला जातात, तर एक थोर नाटक आपण का दाखवू नये? शोकांतिकेनं माणसाचं मन धुऊन निघतं, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. आपल्या गावाचं मन धुवायला माझ्याशिवाय कोणी नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

मी ते मराठीत केलं आणि सहा जणांचं मंडळ उभं केलं. राजा म्हणून बाबा. थोरली मुलगी गिरजाबाई, त्या अंगणवाडीत सेविका आहेत आणि बाबांपेक्षा दोनच वर्षांनी लहान आहेत. मधली माझी कॉलेजची मैत्रीण नसीम. धाकटी मी. नसीमचे अब्बा, सिंदेवाहीचे रहीमचाचा, यांनी सगळे कपडे शिवून दिले, म्हणून त्यांना जावयाचं काम दिलं. पण ते जावई फक्त गिरजाबाईंचे. नसीमचा नवरा कोण होणार असं विचारल्यावर, बाप समोर बसलेला असल्यामुळे, कोणी हात वर करेना. शेवटी तिचा नवरा लढाईवर गेला आहे असं ठरवलं, आणि तो नाटक संपेपर्यंत परत आला नाही. सहावा माझा भाऊ, आपला आदेश. त्याच्याकडे वादळ दिलं, म्हणजे टिनाचा पत्रा हलवणं, आणि प्रॉम्प्टिंगही दिलं.

आत्या, तुमचा भाऊ काय नट आहे ते मी तुम्हाला काय सांगावं! लग्नाआधी आणि नंतरही मिळून बावीस हंगाम त्यांनी वडशाच्या नाटक कंपन्यांतून कामं केली. त्यांचा आवाज अजून तसाच खणखणीत आहे. (पाठांतर मात्र तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. आमच्याकडचे जुने नट प्रॉम्प्टरवरच चालतात. पडद्याआडून शब्द आला की यांच्या तोंडून तो तीनपट मोठा होऊन बाहेर पडतो, अर्थ नंतर पोचतो. आई म्हणते, माझं एक ऐकलं नाही या माणसानं, पण प्रॉम्प्टरनं विहिरीत उडी मार म्हटलं तर मारतील.) त्यांनी एकच अट घातली. बावीस हंगामात त्यांना एकदाही स्टेजवर मरायला मिळालं नव्हतं. कधी हवालदार, कधी पाटील, कधी दारुड्या. मरायचं काम नेहमी नागपूरच्या पाहुण्या नटाला. राजा शेवटी मरतो ना, एवढं त्यांनी तीनदा विचारून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून मरण्याची तालीम सुरू केली. सकाळी बैलांच्या कोठ्यात, संध्याकाळी ओट्यावर. बैलसुद्धा बघून बघून कंटाळले.

अडचण पहिल्याच प्रवेशात आली. राजा राज्य मुलींना देतो, हे कोणाच्या पचनी पडेना. गिरजाबाई म्हणाल्या, "राजाले पोरगा नाई काय? नाई तर पुतण्या असन. जावयाच्या घरी राज्य देऊन राह्यला, याच्या डोक्यावर परिणाम तर नाई?" मी म्हटलं, डोक्यावर परिणाम नंतर होतो, तिसऱ्या अंकात. त्या म्हणाल्या, मले तर आताच दिसून राह्यला. रहीमचाचांचं म्हणणं, आमच्यात मुलीचा हिस्सा किताबातच लिहिला आहे, मिळतो का ते विचारू नको. बाबा तर ते वाक्य म्हणायलाच तयार नव्हते. "देतो" या शब्दाशी आले की खोकायचे. (वहिनी, या खोकल्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या लग्नाच्या वेळी माहेरच्यांनी तुमच्याकडूनही सही घेतली होती ना? माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आहे. आजोबांची साडेपाच एकर आदेशच्या नावे होण्यात माझी अडचण नको म्हणून. कागद तयार आहे, तारीख पडली होती ती कालचीच, सोमवारची. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. घरात विषय निघाला की बाबा म्हणतात, "आमची गुणाबाई कशी? हसत हसत अंगठा देऊन आली. एक लुगडंबी मांगतलं नाई." एवढं म्हणून माझ्या पदवीकडे बघतात. मला कळत नाही, की मी शिकलेली आहे म्हणून द्यावी, की शिकलेली आहे म्हणून देऊ नये. आदेश वाईट नाही. तोही विचारत नाही.)

शेवटी शनिवारी प्रयोग झाला. गावात शंकरपट होता, बैलजोड्यांच्या शर्यती, त्यामुळे पाहुणे भरपूर होते. रात्रीचा स्टेज वडशाच्या कंपनीनं तीन महिने आधीच घेतलेला. त्यांच्या मॅनेजरनं मोठ्या मनानं आम्हाला दुपारी तीन ते सहा तोच स्टेज वापरू दिला, मात्र मागचा पडदा बदलायचा नाही या अटीवर. त्या पडद्यावर एक बंगला आणि एक लाल मोटार रंगवलेली होती. राजाच्या दरबारामागे मोटार उभी राहिली, त्याला माझा इलाज नव्हता. ऑटोवर भोंगा लावून बाबांनी जाहिरात केली, तीही नाटकाचं नाव बदलून. मी "वृद्ध राजाची शोकांतिका" असं दिलं होतं. भोंग्यावर "राजा गेला लेकीच्या दारी, अर्थात कोण खाणार शेतीवाडी" असं झालं. माणसं मात्र लोटली. सुरुवातीला मी शोकांतिका म्हणजे काय यावर दहा मिनिटं बोलले. लोकांनी शांतपणे शेंगा खाल्ल्या.

पहिला प्रवेश रंगला. गिरजाबाईंनी मी लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून स्वतःचं केलं: माझ्या अंगणवाडीतली सारी लेकरं एका पारड्यात अन् तुमची माया एका पारड्यात घातली बाबाजी, तरी तुमचंच पारडं खाली जाईन. टाळ्या. नसीम म्हणाली, मी नवऱ्याला लढाईवर धाडलं ते तुमच्या सेवेत मधात कोणी नको म्हणून. जास्त टाळ्या, आणि रहीमचाचांनी विंगेत कपाळाला हात लावला. मग माझी पाळी. धाकटी गप्प राहते. मी गप्प राहिले. नाटकात हे गप्प राहणं फार मोठं आहे, त्याच्यावर अकरा टिपा आहेत. बाबा पेटले. आदेशनं आडून शब्द टाकला आणि बाबांनी तो असा फेकला, की पटाच्या दाणीवर पळायला जुंपलेले बैल बिचकले: "निघून जा माझ्या राज्यातून! एक ढेकूळ मातीचं मिळणार नाही तुला!"

नेमके याच वेळी पटावरून सुकलूभाऊ येत होते. सुकलूभाऊ म्हणजे आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. यंदा आपलं गाव तंटामुक्त म्हणून बक्षिसाला पात्र करायचंच, असा त्यांनी पण केला आहे, आणि त्यांची नोंदवही त्यांच्या काखेत असते, जेवतानाही. त्यांची अडचण अशी, की मिटवलेल्या तंट्यांना गुण मिळतात आणि आमच्या गावात तंटेच होत नाहीत. दिवाळीपासून एक कोंबडीचा झाला, तोही कोंबडी परत आल्यामुळे आपोआप मिटला. असा माणूस येतो आणि बघतो काय, तर सगळ्या पंचक्रोशीसमोर लटारूभाऊ, म्हणजे बाबा, आपल्या पोरीला जमिनीवरून हाकलून देत आहेत. हे नाटक आहे हे त्यांना कळलं नव्हतं, असं मला वाटत नाही. बाबांच्या डोक्यावर मुकुट होता. पण नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाटकातला झाला म्हून काय तंटा नाई होय? पाहणीवाला माणूस गर्दीत बसला असता तर?"

ते सरळ स्टेजवर चढले. "लटारू, आवाज खाली. बस. बाई, तुम्ही तिघीबी बसा." आणि आत्या, आम्ही बसलो. का बसलो ते मला सांगता येणार नाही. सुकलूभाऊ बस म्हणतात तेव्हा आमच्या गावात माणूस बसतो, एवढंच. रहीमचाचांनी घाईनं सिंहासन उचलून त्यांना दिलं. प्रेक्षकांतून "बराबर हाये, बराबर हाये" असा आवाज आला. सुकलूभाऊंनी वही उघडून रीतसर चौकशी केली. जमीन कोणाची? बाबा म्हणाले, माझी. (राजाची म्हणायला हवं होतं.) वाद कोणात? मुलींत. किती मुली? बाबांनी विंगेकडे बघितलं. आदेश म्हणाला "तीन", बाबांनी "तीन!" म्हणून गर्जना केली आणि ते वहीत उतरलं. मागून कोणीतरी ओरडलं, "पोरगा नाई काय?" सुकलूभाऊ म्हणाले, हजर नसलेल्याचं नाव नको. (हजर नसलेला आदेश पत्रा धरून चार हातांवर उभा होता.)

मग निवाडा झाला. थोरली आणि मधली यांना अर्धा अर्धा हिस्सा. बापानं सहा महिने एकीकडे, सहा महिने दुसरीकडे राहावं. दोघींनी त्याला दोन वेळा गरम जेवण द्यावं आणि हाकलू नये. धाकटीला विचारलं, "तुले काय पायजे बाई?" मी गप्प राहिले. तिनं गप्प राहायचं असतं, मी नाटकाशी प्रामाणिक होते. त्यांनी परत विचारलं, "काही पायजे काय?" मी परत गप्प. सुकलूभाऊंनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं, आणि वही बाबांपुढे केली. बाबा गोंधळले. पुस्तकात हा प्रवेश नाही. त्यांनी पुन्हा विंगेकडे बघितलं. आणि आडून आदेशचा आवाज आला, स्पष्ट, मी माझ्या कानांनी ऐकला: "करा सही."

बाबांनी सही केली. लटारू सोमाजी, डोक्यावर मुकुट तसाच, नावाखाली दोन रेघा.

(वहिनी, हे मला अजून उलगडलेलं नाही. मी आदेशला विचारलं, तू असं का सांगितलंस? तो म्हणाला, "टाइम जाऊन राह्यला होता. वादळ कवा करू मी?" एवढंच. त्यानं डोळे वर केले नाहीत आणि पत्रा घासत बसला. तो वेडा आहे की माझ्यापेक्षा शहाणा आहे, मला कळत नाही.)

यापुढे नाटक कसं झालं ते लिहायला हात जड होतो. वाटणी सुखानं झाल्यावर शोकांतिकेला जागाच उरली नाही. थोरलीनं बापाला हाकलायचं होतं, गिरजाबाई म्हणाल्या, "या बाबाजी, पाय धुवा, पानं वाढली हायेत." कारण सुकलूभाऊ पहिल्या रांगेत वही उघडी ठेवून बसले होते. मी विंगेतून हातवारे केले, त्या मला म्हणाल्या, धाकटे, तूबी जेवून घे. बाबांना वादळात जायला सांगितलं तर म्हणाले, जेवण सोडून जंगलात कायले जाऊ? आदेशनं मात्र वादळ केलंच, ठरलेलं होतं म्हणून. चार वाजताचं लख्ख ऊन, लाल मोटार, पत्र्याचा गडगडाट, आणि राजा लेकीकडे वरण-भात जेवतो आहे. इतकं सुखी वादळ जगात कुठं झालं नसेल.

पण मरणाचं काय? दोन महिने तालीम केलेली. बाबांनी हात धुतले, पुढे आले आणि म्हणाले, "माझ्या लेकींनी मला इतकं सुख दिलं, आता हा जीव राहत नाही," आणि मेले. आत्या, खरंच सुंदर मेले. आधी गुडघे, मग मुकुट, मग एक हात हवेत. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग मागून "वन्स मोर" आला. बाबा उठले, मुकुट घातला, पुन्हा मेले. तिसऱ्यांदा वन्स मोर आला तेव्हा वडशाच्या मॅनेजरनं पडदा ओढला, नाहीतर कंपनीचं नाटक रात्रीही सुरू झालं नसतं. रविवारी सकाळी अख्खं गाव बाबांना विचारत होतं, कसे काय लटारूभाऊ, जिवंत हाये ना? बाबा इतके खूश मी बारावीच्या निकालानंतर पाहिलेले नाहीत.

ती खुशी दुपारपर्यंत टिकली. दुपारी सुकलूभाऊ नक्कल घेऊन घरी आले. त्यात असं लिहिलं आहे, की लटारू सोमाजी यांच्या साडेपाच एकरांचे दोन समान हिस्से त्यांच्या मुली गिरजाबाई व नसीम यांना मान्य झाले. म्हणजे समितीच्या लेखी बाबांना तीन मुली, पैकी एक शेहेचाळीस वर्षांची, एक मुसलमान, आणि मुलगा नाहीच. बाबा म्हणाले, अरे ते नाटक होतं! सुकलूभाऊ म्हणाले, सही खरी हाये ना? बाबा म्हणाले, खोडून टाक. ते म्हणाले, मिटलेला तंटा खोडला तर गावाचे गुण जातीन, तुह्या एकट्यापायी गावाचं नुकसान करू काय? तेव्हापासून गिरजाबाई बाबांना रस्त्यात "बाबाजी" म्हणतात आणि बांधावर जाऊन आपला हिस्सा बघून आल्या. लाखोळी चांगली आहे म्हणाल्या. नसीमचा निरोप आला: "उर्वशी, माझा हिस्सा कालव्याकडचा दे म्हणावं, आणि तुझ्या बाबाले मी अब्बा म्हणू की बाबा, ते विचारून ठेव." रहीमचाचा म्हणतात, लटारूभाऊ, अपनी तो अब रिश्तेदारी हो गई.

तर आत्या, हे पत्र लिहिण्याचं कारण असं. सुकलूभाऊ एवढ्यावर तयार झाले आहेत, की घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानं समितीसमोर येऊन सांगावं, की लटारूला एकच मुलगी आणि एकच मुलगा. घरातलं सर्वांत मोठं माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून येत्या सोमवारपर्यंत नक्की या. सोबतीची काळजी नको, ती तुमच्यासमोर आहे. बाबांनी त्यासाठी हक्कसोडीची तारीखही आठवडाभर पुढे घेतली. बाबांचं म्हणणं आहे, आधी हे निस्तरू, मग ते. मला बाबांचं म्हणणं पटतं. ते नेहमीच विचार करून बोलतात.

(पटत नाही, वहिनी. नक्कल मीही वाचली. बाबा गिरजाबाई आणि नसीम यांच्यावर अडले, मी माझ्या ओळीवर अडले. माझ्या नावापुढे सुकलूभाऊंनी लिहिलं आहे: "धाकटी उर्वशी हजर. दोनदा विचारले. गप्प आहे. सबब हरकत नाही." मी ती ओळ रात्री कंदिलाशी परत परत वाचली. मी तर प्रेक्षकांची मनं धुवायला गप्प बसले होते. आणि हक्कसोडीच्या कागदात काय वेगळं आहे? तिथंही मी हजर असेन, गप्प असेन, सबब हरकत नसेल.)

सगळ्यांना यथायोग्य. म्हशीला चारा जपून घाला. पत्रात काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर लेकरू समजून पोटात घाला.

तुमची
उर्वशी

ता. क. १ : पाकीट भातानं चिकटवलं आहे, डिंक संपला होता. ते फोडलेलं नसेल अशी आशा आहे, कारण हे पत्र घेऊन येणारे स्वतः बाबाच आहेत. सकाळच्या गाडीनं निघून, मूल गावाला गाडी बदलून, तुम्हाला न्यायला आले आहेत. बहुतेक आता खाटेवर बसून चहा पीत ऐकत असतील. (वहिनी, कंस का ते आता कळलं ना. मघापासून पत्र परत चाळते तर दिसतं, की मोठ्यानं वाचायचं ते सगळं मी थोरल्या दोघींसारखं गोड लिहिलं आहे आणि धाकटीला कंसात बसवलं आहे. मला माझीच लाज वाटली. म्हणून अजून दोन ताजे कलम.)

ता. क. २ : आत्या, हे मोठ्यानं वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे, आणि खरं मागणं हेच आहे, गिरजाबाईंचं काय ते नंतर बघू. बाबा सांगतात, आजोबा गेल्यावर तुम्ही हसत हसत अंगठा दिला. तुम्हाला तेव्हा कोणी काही विचारलं होतं का? की तुम्ही फक्त गप्प होता, आणि ते हसणं नंतर लोकांनी घातलं? मी तुम्हाला भांडायला सांगत नाही. लुगडंही मागायला सांगत नाही. जे झालं होतं तेवढं बाबांना सांगा, ते समोरच आहेत. त्यांना आयतं वाक्य द्यायला तिथं आदेश नाही, तेव्हा ते जे बोलतील ते त्यांचं स्वतःचं असेल. मला ते ऐकायला आवडलं असतं. आणि तुम्ही "काही नाई वो, जुनी गोष्ट हाये" असं म्हणणार असाल, तर कृपा करून म्हणू नका. ते वहीत कसं लिहिलं जातं हे मी पाहिलं आहे.

ता. क. ३ : वहिनी, याच्यात कंस नाही. आवाज चढवा, आणि बाबांच्या उजव्या बाजूला बसा, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

बाबा, चहाचा कप खाली ठेवा. तुम्हाला तोंडावर सांगायचं मी दोन दिवसांत तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा भात वाढून परत आले. काल राजाची भाड्याची दाढी परत करायला सिंदेवाहीला गेले होते, तेव्हा आपला कागद ज्यांनी लिहिला त्या अर्जनविसांकडे गेले. म्हटलं, मला सही करायची नाही, तसं माझ्याकडून लिहून घ्या. ते म्हणाले, "बाई, सही करायची नसन तर करू नका, त्याचा कागद नसते." पण मला कागद हवा होता. त्याशिवाय मी पुन्हा गप्पच मोजली गेले असते. म्हणून गावात परतल्यावर सुकलूभाऊंकडे गेले आणि शनिवारचं पान मागितलं. राज्य आदेशला नको किंवा मला सगळं हवं, असं मी म्हणत नाही. काय हवं ते मला अजून नीट ठरवताच आलेलं नाही. पण ते ठरेपर्यंत जे खरं आहे ते लिहून आले. "गप्प आहे. सबब हरकत नाही" याच्या खाली, माझ्या अक्षरात: "हरकत आहे. उर्वशी लटारू, बी. ए." सुकलूभाऊंनी दोनदा वाचलं, त्यांचा चेहरा उजळला, म्हणाले, "आता हा खरा तंटा होय," आणि येत्या सोमवारची तारीख घातली, तुम्हीही हजर राहायचं आहे. खाली मी सही केली आणि शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले.